मोहफुलांची घरगुती साठवण

फाल्गुन सरत आला की पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत, मेळघाटात, नंदुरबारच्या सातपुड्यात आणि पालघर-ठाण्याच्या डोंगरपट्ट्यात मोहाची झाडे फुलावर येतात. झाडाची पाने बहुतेक गळून गेलेली असतात. फांद्यांच्या टोकांशी कळ्यांचे घोस लोंबत असतात, आणि रात्रीच्या उत्तर प्रहरी त्यांतून फिकट पिवळसर, मांसल, रसाने भरलेली फुले टपटप खाली पडू लागतात. पहाटे झाडाखाली जणू फुलांचा सडा पडलेला असतो. उजाडण्यापूर्वीच बायका आणि मुले टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात. कारण ऊन चढले की फूल मऊ पडते, मुंग्या-माश्या त्यावर येतात आणि गुरेढोरे ते खाऊन टाकतात. हा हंगाम जेमतेम तीन ते सहा आठवड्यांचा. त्या अवधीत जे वेचले जाईल ते पुढे वर्षभर पुरवायचे असते. म्हणून मोहफूल वेचणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते टिकवणेही महत्त्वाचे आहे. किंबहुना वेचणे कष्टाचे असले तरी सोपे आहे. टिकवणे मात्र अवघड.

पाश्चात्त्य देशांत घरच्या घरी बिअर गाळणाऱ्या हौशी लोकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत हॉप या वनस्पतीच्या फुलांच्या साठवणीवर पानेच्या पाने खर्ची घातलेली आढळतात. मराठी वाचकाने हॉपचा वेल बहुधा पाहिलेला नसतो. आपल्या देशात हिमाचल प्रदेशातील लाहौलच्या थंड खोऱ्यात त्याची लागवड झालेली आहे. परंतु महाराष्ट्राच्या हवेत तो रुजणारा नव्हे. मात्र पेयाला चव आणि गुण देणारे एखादे फूल हंगामात गोळा करावे, वाळवावे आणि ते बिघडू न देता घरात राखावे, हा प्रश्न आपल्याकडेही फार जुना आहे. त्याचे उत्तर मोहफुलाच्या रूपाने आपल्या जंगलपट्ट्यातील घरांनी पिढ्यान्‌पिढ्या शोधलेले आहे. ते उत्तर समजून घेण्यासाठी प्रथम ही दोन फुले एकमेकांपासून कोठे वेगळी आहेत हे पाहणे उपयुक्त ठरेल.

हॉपच्या फुलात महत्त्वाचे असते ते त्याच्या पाकळीवजा पापुद्र्यांच्या मुळाशी असणाऱ्या पिवळ्या कणांतील राळ आणि सुगंधी तेल. बिअरचा कडवटपणा या राळेतील आल्फा आम्लांमुळे येतो. पेय आंबून नासू न देण्याचे कामही तीच राळ करते. हवेतील प्राणवायूशी संयोग झाला की ही आम्ले हळूहळू नष्ट होतात, तेल उडून जाते, आणि शिळ्या हॉपला जुन्या चीजसारखा उग्र दर्प येऊ लागतो. उष्णता जितकी अधिक तितका हा ऱ्हास वेगाने होतो. तापमान सुमारे पंधरा अंश सेल्सिअसने वाढले की त्याचा वेग दुपटीच्या घरात जातो, असा ठोकताळा आहे. म्हणून इंग्लंडमधील केंट परगण्यात हॉप वाळवण्यासाठी शंक्वाकृती छपरांच्या खास भट्ट्या बांधल्या गेल्या. वाळलेले फूल घट्ट दाबून गठ्ठे बांधण्याची रीत पडली. आणि आजचा हौशी बिअर गाळणारा हॉप हवाबंद चंदेरी पाकिटात भरून शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवतो. थंडी, अंधार आणि प्राणवायूचा अभाव हे हॉपच्या साठवणीचे सार होय.

मोहफुलाची गोष्ट निराळी. त्याचे मोल सुगंधी तेलात नाही, साखरेत आहे. ताज्या फुलात सुमारे ऐंशी टक्के पाणी असते. ते वाळल्यावर उरणाऱ्या द्रव्यात निम्म्याहून अधिक, आणि चांगल्या फुलात दोन तृतीयांशापर्यंत, निरनिराळ्या प्रकारच्या शर्करा असतात. साखर ही काही प्राणवायूने सहजासहजी नष्ट होणारी वस्तू नव्हे. तिचा शत्रू पाणी हा आहे. मराठी गृहिणीला हा भेद समजावून सांगण्यासाठी रसायनशास्त्राची गरज पडू नये. मसाला आणि गूळ एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवले, तर मसाल्याचा वास उडून जातो आणि गुळाला पाणी सुटते. हॉप हा मसाल्याच्या जातीचा आहे; मोहफूल गुळाच्या जातीचे.

येथे शब्दाविषयी थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. आणि हा ‘मोह’ शब्दच त्याला कारण आहे. पुष्कळांची अशी समजूत असते की या फुलापासून दारू होते, दारूने मनुष्य मोहात पडतो, म्हणून झाडाला मोह हे नाव पडले. वस्तुस्थिती तशी नाही. संस्कृतातील ‘मधूक’ या शब्दाचे प्राकृतात ‘महुअ’ झाले आणि त्यातून हिंदीत ‘महुआ’, मराठीत ‘मोहा’ किंवा ‘मोह’ अशी रूपे आली. म्हणजे नावात मध आहे, भुरळ नाही. कालिदासाने कुमारसंभवाच्या सातव्या सर्गात पार्वतीच्या विवाहप्रसंगी तिच्या केशपाशात मधूकाच्या फुलांची माळ गुंफलेली वर्णिली आहे. वधूच्या केसांत माळण्याजोगे मानलेले हे फूल पुढे दारूबंदीच्या कायद्यात गुन्ह्याचा मुद्देमाल म्हणून अवतरावे, ही त्याच्या नशिबाची विलक्षण कलाटणीच म्हणावी लागेल.

आता वाळवणाकडे वळू. झाडावरून आपोआप गळते ती फुलाची रसाळ पाकळीनळी; तिच्या आतल्या बाजूस पुंकेसर चिकटलेले असतात. बीजकोश मात्र देठाशी फांदीवरच राहतो आणि त्याचेच पुढे फळ होते. त्या फळातील बी म्हणजे तेल देणारी टोळंबी, जिला विदर्भात टोरी म्हणतात. यामुळे फूल वेचल्याने फळाचे काहीच नुकसान होत नाही. एकाच झाडाने एकाच वर्षी फूलही द्यावे आणि तेलबीही द्यावी, अशी ही सोय आहे. वेचणाऱ्याला अडचण होते ती झाडाखालच्या पाचोळ्याची. फूल पाचोळ्यात हरवते म्हणून हंगामापूर्वी झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करण्याची पद्धत सर्वत्र आढळते. तिचे दोन तोटे आहेत. ही आग पसरून पुष्कळदा वणवा लागतो, हा एक. आणि राखेत, मातीत पडलेले ओलसर फूल तीच राख व माती अंगाला चिकटवून घरी येते, हा दुसरा. साठवणीच्या दृष्टीने हा दुसरा तोटा फार मोठा आहे, कारण मातीबरोबर बुरशीची बीजे आणि किण्वन घडवणारे जंतू फुलावर बसतात. झाडाखाली कापड किंवा जाळी बांधून फूल अधांतरीच झेलण्याची रीत अलीकडच्या वर्षांत मध्य भारतात खाद्यपदार्थांसाठी लागणाऱ्या मोहाकरिता सुरू झाली आहे. ज्याला हे फूल खाण्यासाठी ठेवायचे असेल त्याने निदान जुनी धुतलेली लुगडी तरी झाडाखाली अंथरावीत. पाला जाळण्याऐवजी झाडून बाजूला सारणे हे अधिक श्रमाचे आहे. पण जंगल ज्याच्या दारात आहे त्याला ते परवडते.

वेचून आणलेले फूल ढीग करून ठेवू नये. ढिगाच्या पोटात ऊब धरते आणि काही तासांतच आंबूस वास येऊ लागतो. शेणाने सारवलेल्या अंगणात, खळ्यावर, अथवा त्याहून चांगले म्हणजे बांबूच्या तट्ट्यावर किंवा चटईवर, ते एकेरी थराने पसरावे आणि दिवसातून दोन-तीनदा हाताने हलवावे. कडक ऊन असेल तर तीन-चार दिवसांत, नसेल तर आठवडाभरात, फूल वाळते. फिकट पिवळा रंग जाऊन ते तांबूस, मग तपकिरी होते, आकसते आणि बेदाण्यासारखे सुरकुतते. संध्याकाळी वाळवण आत घेण्याचा कंटाळा करू नये. दिवसभर उन्हाने जेवढे पाणी काढले त्यातले बरेचसे रात्रीचे दव परत आणून देते, ही गोष्ट पापड-कुरडया घालणाऱ्या बायकांना सांगावी लागत नाही. परंतु मोहाच्या बाबतीत तिचे महत्त्व दुप्पट आहे, कारण फुलातील साखर स्वतःच हवेतून पाणी ओढून घेत असते.

या वाळवणात वजन किती घटते याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. शंभर किलो ओल्या फुलात वीस किलो घन द्रव्य आणि ऐंशी किलो पाणी असते असे धरू. ते वाळवून त्यात पंधरा टक्के पाणी उरू दिले, तर हाती येणारे फूल तेवीस ते चोवीस किलो भरते. म्हणजे चार टोपल्या वेचाव्यात तेव्हा कोठे एक टोपली घरात पडते. बाजारात मोह नेणाऱ्या माणसाला हे गणित तोंडपाठ असते, आणि वजन वाढावे म्हणून अर्धवट वाळलेले फूल विकण्याची वृत्ती त्यातूनच येते. घेणाराही ती जाणतो आणि तेवढा भाव पाडतो. स्वतःच्या घरात ठेवणाऱ्याने मात्र या वजनाच्या लोभात पडू नये. ओलसर फूल विकणाऱ्याचा फायदा करील, साठवणाऱ्याचा कधीच करणार नाही.

पुरेसे वाळले हे ओळखावे कसे? मूठभर फूल घट्ट दाबून सोडून द्यावे. त्याचा गोळा तसाच राहिला तर आणखी एक-दोन उन्हे हवीत. फुले एकमेकांपासून सुटी झाली तर ठीक. सुपात घेऊन हलवले असता कोरड्या बियांसारखा खुळखुळाट झाला पाहिजे. याच वेळी फूल काठीने हलके बडवून किंवा हाताने चोळून पाखडावे, म्हणजे आतील वाळलेले पुंकेसर आणि धूळ निघून जाते. खाण्यासाठी ठेवायच्या फुलात हे पुंकेसर राहिले तर ते घशाला टोचतात. शिवाय त्या भुशात किडा लवकर लागतो. पाखडलेले फूल भरण्यापूर्वी सावलीत पूर्ण निवू द्यावे. उन्हातले गरम फूल तसेच भांड्यात भरून झाकण लावले, तर आतील वाफ झाकणाखाली थेंब धरते, आणि सगळी मेहनत त्या चार थेंबांपायी वाया जाते. घरोघर होणाऱ्या नासाडीचे हे कारण वाटते त्यापेक्षा पुष्कळच अधिक वेळा घडते, असे माझे मत आहे.

खरी कसोटी मृगापासून सुरू होते. पावसाळ्यात जंगलपट्ट्यातील हवेची सापेक्ष आर्द्रता दिवसेंदिवस पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांच्या खाली येत नाही. अशा हवेत उघडे ठेवलेले मोहफूल पाणी पिऊ लागते. त्यातील शर्करांपैकी फ्रुक्टोज ही शर्करा या बाबतीत सर्वांत हावरी. प्रथम फूल चिकट होते, मग त्याला पाणी सुटते, मग ते एकमेकांत मिसळून काळा लगदा बनते. या लगद्यात दोन प्रकारचे जीव वाढतात. वरच्या अंगाला, जेथे हवा मिळते तेथे, बुरशी. आणि पोटात, जेथे हवा कमी तेथे, साखरेचे मद्यार्कात रूपांतर करणारे यीस्ट. दारू गाळणारा जे काम भांड्यात मुद्दाम पाणी घालून घडवून आणतो, तेच काम कणगीच्या तळाशी नकळत सुरू होते. त्यातून झालेला मद्यार्क उडून जातो किंवा आंबून त्याचे शिरक्यात रूपांतर होते, आणि साखर मात्र कायमची गेलेली असते.

सूक्ष्म जंतूंना पदार्थात एकूण पाणी किती आहे याच्याशी कर्तव्य नसते. त्यांना उपयोगात आणता येईल असे मोकळे पाणी किती आहे याच्याशी असते. साखर ही पाण्याला धरून ठेवते. म्हणूनच पाक, मुरंबा आणि मध ही ओली दिसत असूनही टिकतात. हे मोकळे पाणी मोजण्याचे एक माप शास्त्रज्ञांनी ठरवले आहे. शुद्ध पाण्याला एक धरले तर शून्य दशांश सहाच्या खाली कोणताही ज्ञात सूक्ष्म जंतू वाढत नाही. नीट वाळलेले मोहफूल या रेषेच्या आसपास असते. त्यात अगदी थोडे पाणी वाढले तरी ते रेषा ओलांडते, आणि अति गोड पदार्थांत तग धरणारी यीस्टची एक जात तेथे आधीच टपून बसलेली असते. वाळवणात एका उन्हाची हयगय का करू नये, याचे उत्तर या अरुंद अंतरात आहे.

कीटकांचे निराळे. सुक्या मेव्याला आणि धान्याला लागणारे भुंगेरे व पतंग मोहालाही सोडत नाहीत. पतंगाच्या अळ्यांनी जाळी धरली की फुले धाग्यांनी एकमेकांस बांधली जातात आणि त्या जाळीत ओल साठून राहते. म्हणजे किडा आणि ओल हे दोन शत्रू वेगळे नसून एकमेकांना वाट करून देणारे साथीदार आहेत.

यावर जुन्या घरांनी काय उपाय केले? बांबूची विणलेली कणगी, जिला पूर्व विदर्भात ढोली म्हणतात, आतून-बाहेरून माती व शेणाने लिंपून पक्की वाळवायची. ती जमिनीवर न ठेवता दगडांवर किंवा लाकडी फळ्यांवर उभी करायची. तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायचा. फूल पायाने किंवा मुसळाने दाबून भरायचे, आणि तोंड पुन्हा मातीने लिंपून बंद करायचे. दाबून भरण्यात शहाणपण आहे. मोकळ्या ढिगात हवा खेळते, आणि हवेबरोबर ओल व किडा आत जातो. दाबलेल्या फुलाची जणू एक वीट होते आणि ओल फार तर तिच्या वरच्या थरापुरती राहते. केंटमधले शेतकरी हॉपचे गठ्ठे ज्या कारणाने दाबतात त्याच्याशी हे कारण पूर्णपणे जुळत नसले, तरी कृती एकच आहे. थोडे फूल असेल तर ते गाडग्या-मडक्यांत भरून चुलीवरच्या माळ्यावर ठेवतात. चुलीची ऊब तेथली हवा कोरडी राखते आणि धुराने किडा दूर राहतो. खाण्यासाठी ठेवलेल्या फुलाला धुराचा वास लागतो खरा. पण तोंड नीट बांधले तर तो फारसा जाणवत नाही.

आजच्या घरात माळा राहिला नाही आणि पुष्कळ ठिकाणी चूलही राहिली नाही. तेव्हा घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, अथवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोंड पिळून बांधलेले फूल कोरड्या डब्यात ठेवणे, हा चांगला पर्याय ठरतो. गोणपाटाचे पोते सर्वांत वाईट. ते स्वतः ओल शोषते, जमिनीची ओल वर ओढते आणि पतंगाला अंडी घालण्यास जागा देते. तरीही बाजारचा बहुतेक मोह पोत्यांतच भरलेला दिसतो, कारण तेथे तो फार दिवस ठेवायचा नसतो. एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते: सगळे फूल एकाच मोठ्या भांड्यात भरू नये. पावसाळ्यात मोठे भांडे दर आठवड्याला उघडले, तर दर आठवड्याला ओली हवा आत जाते आणि शेवटच्या पायलीपर्यंत पोहोचेतो ती पायली खराब झालेली असते. महिन्याला पुरेल एवढी लहान लहान भांडी भरून ठेवली, तर एकाचे तोंड उघडले तरी बाकीची सुरक्षित राहतात. श्रावण-भाद्रपदात चांगली उघडीप मिळाली की प्रत्येक भांडे तपासून, लागेल तसे एक ऊन द्यावे. शीतगृहाची सोय असेल तर किडा आणि काळेपणा दोन्ही थांबतात. परंतु थंड जागेतून काढलेले भांडे लगेच उघडू नये. ते खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावे, नाही तर थंड फुलावर हवेतील पाणी धुक्यासारखे बसते. हॉपच्या पाकिटालाही हाच नियम लागू आहे.

जुने फूल निरुपयोगी होते का? रंग काळसर झाला, एवढ्यावरून ते टाकू नये. साखर आणि फुलातील अल्प प्रथिने यांच्या परस्परक्रियेने रंग गडद होत जातो; साखरेचे प्रमाण त्यामुळे फारसे घटत नाही. गाळप करणाऱ्याला असे फूल चालते. भाकरीच्या पिठात मिसळण्यासाठी, उकडून खाण्यासाठी किंवा लाडू करण्यासाठी मात्र त्याच वर्षीचे तांबूस फूल चांगले. बुरशीचा वास येणारे फूल खाण्यात मुळीच घेऊ नये; धुऊन वास जातो, बुरशीचे विष जात नाही.

येथवर वाचल्यावर वाचकाच्या मनात एक प्रश्न आला असेल. इतके सगळे ज्ञान घरोघर असताना मोह वेचणारे कुटुंब तो चैत्रातच का विकून टाकते? ओल आणि किडा ही कारणे आहेत. रोख पैशाची निकड हेही आहे. हंगामात बाजार फुलाने भरून जातो तेव्हा भाव पडतो, आणि पावसाळ्यात चढतो. तेव्हा ज्याने स्वस्तात विकले त्यालाच ते महाग दराने परत घ्यावे लागते. पण याखेरीज आणखी एक कारण होते, आणि ते कारण कायद्याचे होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई सरकारने दारूच्या उत्पन्नाची नव्याने घडी बसवली. १८७८ च्या अबकारी कायद्याने गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून गाळप ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक मक्तेदारांच्या हाती एकवटण्याचे धोरण पुढे नेले. मुंबईसमोरचे उरण हे अशा गाळपाचे मोठे केंद्र होते. तेथील पारशी गाळपदारांच्या भट्ट्यांना लागणारे मोहफूल गुजरातेतील पंचमहालातून येत असे. इकडे ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील वारली, ठाकूर, कातकरी आदी लोकांच्या दारातच मोहाची झाडे होती आणि घरात वाळलेले फूल होते. जोवर घरात फूल आहे तोवर घरगुती गाळप थांबणार नाही, असा सरकारचा तर्क. त्यातून १८९२ चा मोहफुलांविषयीचा खास कायदा झाला आणि तो या दोन जिल्ह्यांना लागू करण्यात आला. फूल गोळा करणे, बाळगणे आणि नेणे यांवर त्याने निर्बंध आणले. हे लोक फूल खातात, गुरांना घालतात, टंचाईत त्यावर दिवस काढतात, ही हरकत तेव्हाही घेतली गेली होती. परंतु तिजोरीपुढे तिचा निभाव लागला नाही. दारू नको म्हणून हा कायदा झाला असता तर निदान त्यामागचा विचार समजता आला असता. उरणची दारू तर चालूच होती!

हेच फूल सरकारला मात्र एकदा मोठ्या प्रमाणावर हवे होते. पहिल्या महायुद्धात कॉर्डाइट हे स्फोटक बनवण्यासाठी अ‍ॅसिटोनची टंचाई निर्माण झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक गिल्बर्ट फाउलर आणि त्यांचे सहकारी यांनी मोहफुलातील साखरेपासून जंतूंच्या साहाय्याने अ‍ॅसिटोन मिळवण्याचे प्रयोग केले आणि त्यासाठी नाशिक येथे कारखाना उभारण्यात आला. पुढे तेथे सरकारी मद्यार्काचा कारखाना चालू झाला. अशा कारखान्याला हंगामापुरते फूल मिळून चालत नाही. ते बारमाही लागते. ज्या वाळवणाच्या आणि साठवणीच्या रीती आपण वर पाहिल्या, त्यांच्यामुळेच जंगलातले एक फूल युद्धसाहित्याचा कच्चा माल होऊ शकले.

स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमात मोहफुलांवरील नियंत्रण कायम राहिले. एकीकडे १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभांचा व वननिवासी लोकांचा हक्क मान्य केला, आणि दुसरीकडे तेच वनोपज घरात साठवून ठेवणाऱ्याच्या डोक्यावर दारूबंदीची टांगती तलवार राहिली. केंद्र शासनाने २०२० साली वाळलेल्या मोहफुलाची किमान आधारभूत किंमत किलोला १७ रुपयांवरून ३० रुपये केली. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करणे, बाळगणे व त्यांची वाहतूक यांवरील निर्बंध शिथिल केले. घरी दारू गाळणे हा मात्र गुन्हाच आहे, आणि गडचिरोली जिल्ह्यात तर १९९३ पासून संपूर्ण दारूबंदी आहे, हे विसरून चालणार नाही. शंभर किलो वाळलेल्या फुलात साठ किलो साखर धरली, तर तिच्यातून जास्तीत जास्त तीस किलो मद्यार्क निघू शकतो. कायद्याचे लक्ष आजवर या तीस किलोंवर खिळलेले राहिले. घरातल्या बाईचे लक्ष त्या साठ किलोंवर असते. कणगी भरण्याची तिची घाई आणि ती रिकामी करण्याची तिच्या नवऱ्याची घाई या दोहोंचे एकाच घरात कसे जमते, हा विषय पुष्कळ घरांत भांडणाचा आहे. म्हणून काही घरांत खाण्याचे फूल वेगळ्या मडक्यात आणि बायकांच्या ताब्यात असते.

साठवलेले फूल वापरायला काढताना ते आधी कोमट पाण्यात दोनदा धुवावे. वाळवणातली उरलीसुरली माती तेव्हा तळाशी बसते. मग थोड्या पाण्यात भिजत घालावे, म्हणजे ते पुन्हा फुगून मऊ होते. हे भिजवणीचे पाणी गोड असते. ते फेकून न देता आटवले तर काकवीसारखा पाक मिळतो आणि साखरेच्या दाटपणामुळे तोही काही दिवस टिकतो. भिजवलेले फूल रात्रभर तसेच ठेवू नये. उन्हाळ्याच्या दिवसांत सकाळपर्यंत ते फसफसू लागते.

माघात, नव्या हंगामाच्या आधी, कणगी रिकामी करावी. तळाशी उरलेले जुने फूल कोरडे व निर्वास असेल तर गुरांच्या आंबोणात मिसळून द्यावे; बुरशी धरलेले असेल तर उकिरड्यावर टाकावे, नव्या फुलात कधीही मिसळू नये. कणगी आतून खरवडून तिला दोन दिवस कडक ऊन द्यावे, भेगा बुजवून पुन्हा लिंपावी आणि लिंपण पूर्ण वाळेपर्यंत तिचे तोंड उघडे ठेवावे. हे सर्व फाल्गुनाच्या मध्यापर्यंत आटोपले पाहिजे, कारण पहिले फूल कोणत्या रात्री पडेल हे झाडावर अवलंबून असते.